धडा बदलतो, स्वाध्याय तोच राहतो

पाठ्यपुस्तकांवरचे आपले वाद बहुतेक वेळा अनुक्रमणिकेवर होतात. कोणता धडा घेतला, कोणता गाळला, कुणाच्या वाट्याला किती पाने आली, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. धड्याखाली छापलेल्या पाच-सात प्रश्नांकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही. खरे तर चौथी ते सातवीच्या मुलाच्या वहीत धडा कधी उतरतच नाही. उतरतो तो स्वाध्याय. वर्षाअखेर मुलाला मराठी किती लिहिता येते आणि इतिहासाबद्दल त्याला काय वाटते, हे निम्म्याहून अधिक त्या प्रश्नांवर ठरते. राज्यात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत असताना भाषा आणि इतिहास या दोन विषयांचा आढावा म्हणूनच धड्यांइतकाच स्वाध्यायांच्या बाजूनेही घ्यायला हवा.

नव्या पुस्तकांची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षणाचे चार टप्पे पाडले. त्यांपैकी तिसरी ते पाचवी हा पूर्वतयारीचा आणि सहावी ते आठवी हा मध्य टप्पा. २०२३ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, पाठोपाठ राज्याचा आराखडा झाला. शासनाने २०२५ मध्ये मांडलेल्या वेळापत्रकानुसार २०२५-२६ ला पहिली, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, तर २०२७-२८ ला पाचवी आणि सातवी असा नव्या पुस्तकांचा क्रम आहे. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून त्याच वर्षी रान उठले आणि जूनअखेर शासनाला त्याबाबतचे निर्णय मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात पहिली भाषा कशी शिकवायची, हा प्रश्न बाजूला पडला तो पडलाच.

वाचनमालेपासून बालभारतीपर्यंत

साठीच्या दशकापर्यंत मराठी शाळांत खासगी वाचनमाला चालत. आचार्य अत्र्यांची नवयुग वाचनमाला त्यांतली गाजलेली. साहित्यिकाच्या हातून निवडलेले, कानाला गोड लागणारे वेचे हे या मालांचे बलस्थान होते. कोठारी आयोगाच्या काळात पाठ्यपुस्तकांची जबाबदारी राज्यांनी घ्यावी, असा विचार बळावला आणि २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’ स्थापन झाली. सगळ्या राज्यात एक पुस्तक, स्वस्त पुस्तक आणि वेळेवर पुस्तक, हे तिचे मोठे काम. १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढून तिने अवांतर वाचनाचीही सोय केली. गावोगावच्या कितीतरी मुलांच्या हातात आलेले पहिले मासिक हेच होते.

एक पुस्तक सर्वांना मिळाले, तसा एक स्वाध्यायही सर्वांना मिळाला. ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’, ‘रिकाम्या जागा भरा’, ‘जोड्या जुळवा’, ‘कारणे द्या’, ‘कोण कोणास म्हणाले’ या मथळ्यांवर महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. २०१३-१४ नंतरच्या पुस्तकांनी यात बदल करायचा प्रामाणिक प्रयत्न केला. परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी आल्या, भाषेच्या पुस्तकांत शब्दखेळ आणि उपक्रम आले. पानांची मांडणी देखणी झाली. तरीही वर्गात या चौकटी वाचून दाखवल्या जातात आणि वहीत उतरतात ती पानाच्या शेवटची रिकाम्या जागांची उत्तरे. असे का होते, याकडे पुढे वळू. त्याआधी दोन्ही विषयांत आज काय शिकवले जाते ते पाहू.

भाषा: वाक्य स्वतःचे की उसने?

ग्रामीण भारतातल्या मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालात २०१८ साली पाचवीतली ५०.५ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. करोनाकाळानंतर, २०२२ मध्ये हा आकडा ४२.८ वर घसरला. २०२४ मध्ये तो पुन्हा वर सरकला. ही तूट भरून येत असली तरी पाचवीच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकापुढचे चित्र तेच आहे. निम्मा वर्ग धडा वाचतो, निम्मा वर्ग धडा ऐकतो. पाचवीची पुस्तके मात्र सगळा वर्ग वाचतो असे धरून लिहिलेली असतात.

वाचू शकणाऱ्या निम्म्यांची अडचण वेगळी आहे. मराठीच्या स्वाध्यायातला हमखास प्रश्न घ्या: वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. ‘कंबर कसणे’ याला अर्थ ‘तयार होणे’ आणि वाक्य ‘सैनिकांनी कंबर कसली’. वर्गातल्या चाळीस वह्यांत हेच वाक्य सापडेल, फार तर सैनिकांच्या जागी शेतकरी येईल. बरोबरची खूण मिळते, गुण मिळतात, पण त्या मुलाने कंबर कसणे हा शब्दप्रयोग उभ्या आयुष्यात एकदाही वापरलेला नसतो. आता प्रश्न थोडा फिरवा. तुमच्या घरात अलीकडे कुणी, कशासाठी कंबर कसली? मग ‘ताईने गणितात पास व्हायचेच म्हणून कंबर कसली’ असे वाक्य येते, किंवा ‘बाबांनी विहिरीचा गाळ काढायला कंबर कसली’. इथे उसनवारी चालत नाही. शुद्धलेखनाच्या चार चुका निघतील, पण भाषा त्या मुलाची असेल.

निबंधाचे तेच. ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘मी पंतप्रधान झालो तर’ हे विषय इतके मळलेले आहेत की त्यांची वाक्येही तयार मिळतात. चौथीतली आई ‘प्रेमळ, मायाळू आणि कष्टाळू’ असते आणि पहिला पाऊस आला की प्रत्येक मुलाच्या वहीत ‘सृष्टी हिरवा शालू नेसते’. जिथे पाऊस म्हणजे घरात शिरलेले पाणी, त्या वस्तीतल्या मुलाच्या वहीतही शालू असतो.

याला घरच्या बोलीचा प्रश्न जोडून येतो. खानदेशातल्या मुलाच्या घरी अहिराणी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, डहाणू-तलासरीत वारली आणि शाळेत प्रमाण मराठी. धोरण मातृभाषेचा आग्रह धरते. पण पुस्तकात बोलीला बहुधा एखादा नमुनापाठ मिळतो आणि स्वाध्यायात तर तिचा ठावठिकाणा नसतो. घरी एखाद्या वस्तूला काय म्हणतात, तिच्याबद्दलची गोष्ट आजी कशी सांगते, हे वहीत लिहून आणणे हाच खरा मातृभाषेचा गृहपाठ. त्याला वेगळे पुस्तकही लागत नाही.

महाराष्ट्रात हे कुणी करून पाहिले नाही असे नाही. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने वाचन-लेखनावर अनेक वर्षे मूलभूत काम केले. वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरगटांतून मुलाला लवकरात लवकर अर्थाच्या शब्दांपर्यंत नेणे हा त्यातला एक भाग. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांच्या सृजन आनंद विद्यालयाने १९८५ पासून मुलांच्या अनुभवाला अभ्यासक्रमात हक्काची जागा दिली. या प्रयोगांचे कौतुक भरपूर झाले. पुस्तकांतही त्यांच्या काही खुणा दिसतात, त्या बहुतेक पहिली-दुसरीत. चौथीनंतर पुन्हा प्रश्नोत्तरांचे राज्य सुरू होते.

इतिहास: काय झाले, की कशावरून?

इतिहासाची महाराष्ट्रातली मांडणी आजवर अशी राहिली आहे: तिसरीला जिल्ह्याचा परिसर, चौथीला शिवछत्रपती, पाचवीला मानवाची वाटचाल आणि अश्मयुग, सहावीला हडप्पा संस्कृतीपासून प्राचीन भारत, सातवीला शिवपूर्वकाळापासून मराठी सत्तेच्या वाटचालीपर्यंतचा मध्ययुगीन कालखंड. चौथीतले शिवचरित्र हे या साखळीतले सर्वात भक्कम कडे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सलग एका माणसाची गोष्ट वर्षभर सांगणे ही शैक्षणिक दृष्ट्याही उत्तम कल्पना आहे. या वयात चरित्र भावते, सनावळी नाही.

पण याच पुस्तकांवर वादही सर्वाधिक झाले. शिवाजी महाराजांचे गुरू म्हणून केलेल्या दादोजी कोंडदेव यांच्या उल्लेखावरून राज्य तापले. २०१७ मध्ये सातवीच्या नव्या पुस्तकात मुघलांचा भाग आटोपता घेतल्यावर देशभर चर्चा झाली. २०२५ मध्ये एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकातल्या मराठा साम्राज्याच्या नकाशावर जैसलमेरहून आक्षेप आला. त्याआधी केंद्रीय पुस्तकांत मराठ्यांना जागाच किती, ही आपल्याकडची जुनी तक्रार होतीच. यांतल्या काही वादांत मुद्दा हाच होता: अमुक विधान कोणत्या साधनावर उभे आहे? मोठ्या माणसांनी यावर बखरी, पत्रे, फर्माने काढून भांडण केले. हा प्रश्न मुलाच्या स्वाध्यायात मात्र कधी शिरलाच नाही. सहावीत आणि सातवीत ‘इतिहासाची साधने’ असा धडा आहे. त्याखाली मुले लिखित, भौतिक आणि मौखिक अशा तीन प्रकारांची नावे लिहितात आणि पुढच्या धड्यापासून साधनांना विसरतात.

एक उदाहरण जवळून पाहू. पुरंदरचा तह, जून १६६५. मुलांच्या वहीत उत्तर असते: महाराजांनी मुघलांना २३ किल्ले आणि चार लक्ष होन उत्पन्नाचा मुलूख दिला. गाळलेली जागा भरली, गुण मिळाला. आता तोच तह नकाशावर ठेवू. महाराजांकडे १२ किल्ले राहिले. पुरंदर आणि कोंढाणा गेले. राजगड, तोरणा, रायगड राहिले. गेलेले दोन्ही पुण्याच्या बाजूचे, तर राहिलेले तिन्ही सह्याद्रीच्या ऐन गाभ्यात. राहिलेल्या गडांवर रंगाची पेन्सिल फिरवली की सातवीचे पोर आपणहून विचारते, म्हणजे राजधानी हातची सोडलीच नाही तर! तहातही हिशेब होता, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. पाचच वर्षांनी, १६७० मध्ये कोंढाणा परत घेतला जातो, तेव्हा ती तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमाची गोष्ट तर असतेच, शिवाय या नकाशावरची पुढची चालही असते. धडा तोच, पाने तेवढीच. बदलला तो फक्त प्रश्न.

दुसरे उदाहरण गावाच्या वेशीवरचे. महाराष्ट्रातल्या असंख्य देवळांबाहेर वीरगळ उभे आहेत. कुणी त्यांना शेंदूर फासलेला असतो, कुणी त्यांवर कपडे वाळत घालतो. हा दगड खालून वर वाचायचा असतो. सर्वात खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. शेजारी गुरे कोरलेली असतील तर तो गाईगुरांच्या रक्षणासाठी पडला असे मानतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, त्यावरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे कीर्ती यावच्चंद्रदिवाकरौ. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला तर नौकांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. सहावीच्या मुलाला वीरगळासमोर उभे करून ‘खालून वर काय काय दिसते ते लिही, मग काय घडले असेल ते लिही, आणि कोणती गोष्ट हा दगड सांगत नाही तेही लिही’ असा स्वाध्याय दिला, तर त्यात इतिहासाचे साधन आले, मराठीचे वर्णनलेखन आले आणि तर्कही आला. भाषा आणि इतिहास हे विषय मुळात शेजारी आहेत ते असे. दोन्हींत वाचायचे, कोण सांगतो आहे ते ओळखायचे आणि मग स्वतःच्या वाक्यात मांडायचे.

अशी सामग्री आपल्याकडे विपुल आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रातले आहेत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाणयुगातले अख्खे गाव उकरून काढले. दिवाळीत अंगणाअंगणात मातीचे किल्ले होतात, पण त्या किल्ल्याला दरवाजा नेमका कुठे आणि का, हे विचारणारा एकही स्वाध्याय नाही. शाळेची सहल गडावर जाते, परतल्यावर निबंध मात्र ‘आमची सहल’ या ठरीव साच्यातच लिहिला जातो.

वेगळ्या प्रश्नांचा प्रयोग इतरत्र झालाही आहे. मध्य प्रदेशात एकलव्य संस्थेने ऐंशीच्या दशकापासून सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्राची वेगळी पुस्तके करून काही सरकारी शाळांत चालवली. परीक्षेला पुस्तक उघडून उत्तर लिहायची मुभा होती, कारण उत्तर पुस्तकात जसेच्या तसे सापडणारच नाही असे प्रश्न काढले जात. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तरीही सरकारी शाळेतला साधा शिक्षक हे शिकवू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

स्वाध्याय का बदलत नाही?

दोष शिक्षकावर ढकलणे सोपे आहे. दुर्गम भागातल्या द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक एका खोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळतो. त्यात मतदारयाद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे आहेच. चाळीस वह्यांत एकच उत्तर असेल तर तपासायला अर्धा तास पुरतो. चाळीस वेगळी उत्तरे आली तर रात्र जाते. वहीत पाने भरलेली दिसली नाहीत तर पालक विचारतात, तपासणीला आलेले साहेबही विचारतात. ठरलेले उत्तर सगळ्यांनाच सोयीचे पडते.

मूल्यमापनाची कथा याहून बोलकी आहे. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशा आठ साधनांनी वर्षभर मुलाकडे पाहायचे होते. तिसरी-चौथीला या वर्षभराच्या, म्हणजे आकारिक मूल्यमापनाचा भार ६० टक्के, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४० असा ठरला. कागदावर यापेक्षा चांगली योजना सापडणे कठीण. व्यवहारात प्रकल्प म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली चित्रे, नेटवरून काढलेली छापील माहिती आणि झिलईच्या कागदाचे वेष्टन. ‘गड-किल्ल्यांची माहिती’ या प्रकल्पावर मुलाच्या हातचे अक्षर बहुधा फक्त नावाच्या चौकटीत असते. आता मोबाइलवर निबंधही क्षणात लिहून मिळतो. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकते तो प्रश्न घरी लिहायला देण्यात अर्थ उरला नाही. वेशीवरच्या वीरगळाचे आणि ताईच्या गणिताचे उत्तर मात्र अजून मुलालाच द्यावे लागते.

परीक्षांचा ओढा वेगळाच आहे. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला होती, ती आता पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचे ठरले आहे. तिच्यात प्रथम भाषा, गणित, तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. इतिहास नसतो, आणि भाषाही पर्याय निवडण्यापुरती असते, एकही वाक्य लिहावे लागत नाही. ज्या शाळा शिष्यवृत्तीचे फलक दारावर लावतात, त्यांच्या वेळापत्रकात जानेवारीनंतर इतिहासाच्या तासाचे काय होते, हे पालकांना ठाऊक आहे. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा शासनाने डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने परत आणली. तिने लेखी उत्तराचे वजन वाढवले, उत्तराचा दर्जा वाढवायचे काम बाकी आहे.

मग वेळ कुठून आणायचा? २०२० च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास आणि सहावी ते आठवीला दिवसाला फार तर एक तास, असे म्हटले आहे. पाचवीच्या मुलाला आठवड्याला दोनच तास द्यायचे असतील, तर त्यात प्रश्न आणि उत्तरे दोन्ही उतरवून काढण्याचा गृहपाठ परवडण्यासारखा नाही.

कोऱ्या पानांचा किस्सा इथे आठवतो. दप्तराचे ओझे कमी करायचे म्हणून २०२३-२४ पासून राज्याने दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पाने घातली, पुस्तकांचे भाग पाडले. मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. पान दिले तरी त्यावर काय लिहायचे, ते सुचवणारा प्रश्न शेजारी नव्हता.

नव्या पुस्तकांकडून काय हवे?

राष्ट्रीय आराखड्यात तिसरी ते पाचवीसाठी इतिहास हा सुटा विषय नाही. परिसर, समाज, विज्ञान मिळून सभोवतालच्या जगाची ओळख असा एकच विषय आहे. सहावीपासून सामाजिक शास्त्र विषयसूत्रांनी मांडायचे आहे. या चौकटीत चौथीच्या शिवचरित्राला जागा कशी द्यायची, यावर महाराष्ट्रात वाद होणार हे सांगायला ज्योतिषी नको. ते पुस्तक राहायला हवे, असे माझे मत आहे. पण ते राहिले एवढ्यावर समाधान मानू नये. शिवचरित्राखालचे प्रश्न पाठांतराचेच राहिले, तर धडा जिंकून विषय हरल्यासारखे होईल.

नवे पुस्तक हातात आल्यावर पालक आणि शिक्षकांनी ते मागून उघडावे. स्वाध्यायातल्या किती प्रश्नांची उत्तरे धड्यातली ओळ उचलून देता येतात? ‘कशावरून?’ हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात किती ठिकाणी आहे? मुलाच्या घराकडे, गावाकडे, बोलीकडे बोट दाखवणारा प्रश्न दर धड्याला निदान एक आहे का? नकाशा फक्त पाहायला दिला आहे की त्यावर काही करायला? पाचवीत वाचू न शकणाऱ्या मुलाला तोंडी सोडवता येईल असा एखादा प्रश्न आहे का? शिक्षकासाठी नमुना म्हणून एकाच प्रश्नाची तीन वेगळी आणि तिन्ही बरोबर उत्तरे दिली आहेत का? या शेवटच्या गोष्टीने तपासण्याची भीती निम्मी कमी होईल.

यासाठी नवा आयोग नको आणि वाढीव निधीही नको. धडे लिहिणाऱ्या समितीइतकाच वेळ आणि मान स्वाध्याय लिहिणाऱ्यांना मिळाला पाहिजे. सध्या स्वाध्याय धड्याच्या शेपटासारखा शेवटी, मुदत संपत आली की जोडला जातो. तो आधी लिहावा आणि त्याला उत्तर देता येईल असा धडा मग रचावा. पुस्तके अजून सगळी छापून झालेली नाहीत, पाचवी-सातवीच्या पुस्तकांना तर अवधी आहे. अनुक्रमणिकेवर भांडायला आपल्याकडे माणसांची वाण कधीच नव्हती. त्यांतली थोडी जरी धड्याच्या शेवटच्या पानापर्यंत पोचली, तर या फेरीत सुधारणा मुलाच्या वहीत दिसेल.